१७ सप्टेंबरचा कार्यक्रम वेळेत कसा बसवला

१९४८ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो, म्हणून आमच्या गल्लीत १७ सप्टेंबरला संध्याकाळी कार्यक्रम असतो, अन दरसाली एकच रडगाणं, सत्कारातच नऊ वाजायचे, पोरांचे पोवाडे सुरू झाले की दहाला स्पीकर बंद. नियमच आहे तो, रात्री १० ते सकाळी ६. यंदा काम माझ्याकडं आलं तर मी उलटं मोजायला बसलो, दहाला बंद म्हणजे साडेनऊला शेवटचं गाणं, म्हणजे पोवाडे आठला, म्हणजे भाषणं सातला सुरू व्हायलाच पाहिजेत. शाल-श्रीफळ स्टेजवरून काढूनच टाकलं, पाहुण्यांना चहाच्या वेळीच देऊन मोकळा झालो. एकदोन काका रुसले, रुसू द्या.

बाकी मंडप अन साऊंडवाला जुलैतच धरा, गणपती बऱ्याचदा याच दिवसांत येतात, मग कुणी फोन बी उचलत नाही. मंडप कापडी नको, पत्र्याचाच सांगा, सप्टेंबरात पाऊस कधी बी येतो आपल्याकडं. पोलीस स्टेशनची परवानगी कोण काढणार, जनरेटरचं डिझेल कोण आणणार, हे नावासकट वहीत लिहा, "बघू की" म्हणणाऱ्याचं नाव लिहूच नका. जेवणाला पिठलं एका जागी केलं अन भाकरी घराघरातून मागवल्या, आचाऱ्याचा खर्च वाचला.