सोलापुरातून कमी पैशात फिरायचंय? आधी रेल्वेची लाइन बघा

फिरायला जायचं म्हणलं की आपल्याकडं दोनच नावं निघतात, महाबळेश्वर नाहीतर गोवा, आणि तेही मे महिन्यात नाहीतर दिवाळीत, म्हणजे अख्खा महाराष्ट्र तिथं असतो तेव्हाच. आम्ही पण तीन वर्षांपूर्वी मेमध्येच गेलो होतो, चौघांचे तीन दिवसांत 21,000 गेले, त्यातले निम्मे क्रेडिट कार्डवर, आणि ते फेडता फेडता गणपती आले. तेव्हापासून मी पद्धतच बदलली. मागच्या वर्षी बदामी-हंपी केलं, पाच दिवस, आम्ही दोघं आणि दोन पोरं, एकूण 14,000 रुपये, एक रुपया उसना नाही. कसं जमवलं ते सगळं सांगते.

ठिकाण ठरवून मग तिथं जायचं कसं ते आपण शोधत बसतो, तिथंच पैसे जातात. उलटं करा, आधी आपल्या स्टेशनातून गाड्या कुठं कुठं जातात ते बघा. सोलापूरसारखं जंक्शन दारात आहे आणि आपल्याला त्याची किंमतच नाही. कुर्डुवाडीकडून पंढरपूर, मिरज, लातूर, दौंडवरून पुणे-मुंबई, वाडीकडून हैदराबाद, बंगळूर, चेन्नई, आणि होटगीला वळणारी गदगची लाइन तर सोन्यासारखी आहे, त्या एकाच लाइनवर विजापूर, बदामी आणि पुढं गदगवरून होस्पेट म्हणजे हंपी. गाडी बदलायला पुण्याला जा, तिथून टॅक्सी करा असलं काही नाही.

आता पैसे. मी आधी वहीत खर्च लिहायचे, पण वहीत आपण आठवेल तेवढंच लिहितो. त्यापेक्षा मोबाइलवरची यूपीआयची हिस्ट्री उघडा आणि मागच्या महिन्यातले 100 रुपयांच्या आतले सगळे व्यवहार बेरीज करा. आमचे 1,460 निघाले, चहा, पोरांचा खाऊ, डिलिव्हरीचे चार्जेस, कुठल्या तरी अ‍ॅपचं रिन्युअल जे कोणी बघत पण नव्हतं. रविवारचं मटण मी बंद केलं नाही, ते बंद केलं असतं तर घरात कोणीच साथ दिली नसती. हे बारीक सारीक तेवढं निम्म्यावर आणलं, आणि बाकीचे सुट्टीत बाहेर जेवायला जायचं त्यातनं काढले.

पगार झाला की दुसऱ्या दिवशी 1,200 ची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, कापली जाते, बँकेत 12 महिन्यांची. पोस्टाची आरडी चांगली आहे पण ती पाच वर्षांची असते, एका वर्षाच्या ट्रिपला तिचा उपयोग नाही. 1,200 गुणिले 12 म्हणजे 14,400, वर थोडं व्याज. भिशीचं विचाराल तर मी भिशी लावते, भांडी-बिंडी घ्यायला ठीक आहे, पण फिरायच्या पैशाला नको. नंबर कधी लागेल सांगता येत नाही, लागला की घरातलं दुसरंच काही निघतं, आणि चालवणारा उद्या पळाला तर कुठं जाणार? आणि "आधी फिरा, नंतर हप्ते भरा" असल्या कर्जाच्या जवळपास सुद्धा जाऊ नका, हे अगदी मनापासून सांगते.

आरडी चालू केली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक दिवसाची विजापूर ट्रिप करून बघा, रेल्वेनं जा, संध्याकाळी परत या. गोलघुमट 1656 मध्ये पूर्ण झालेला, सकाळी लवकर वर गेलात तर गर्दी नसते आणि टाळीचा आवाज घुमताना नीट ऐकू येतो, दुपारी शाळेच्या सहली आल्या की नुसता गोंगाट. या एका दिवसात कळतं की आपली पोरं किती चालतात, पाणी किती लागतं, कोणाला किती वेळानं भूक लागते. मोठ्या ट्रिपचा खर्च इथंच अंदाजात येतो.

तिकिटाचं असं आहे की आता रिझर्व्हेशन 60 दिवस आधी सुरू होतं, पूर्वी 120 दिवस होते, ते नोव्हेंबर 2024 पासून बदललं. सकाळी 8 ला सुरू होतं, आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून ठेवा, त्या दिवशी धावपळ नको. पाच ते बारा वर्षांच्या पोराला स्वतंत्र बर्थ घेतला नाही तर अर्धं तिकीट लागतं, बर्थ घेतला तर पूर्ण. आमचा धाकटा आठ वर्षांचा आहे, त्याला बापाशेजारी झोपवला. एसटीनं जाणार असाल तर बायकांना अर्धं तिकीट आणि 75 च्या वरच्या म्हाताऱ्या माणसांना फुकट, पण हे महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. आणि कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे ऐकून खूश होऊ नका, ती तिथल्या रहिवासी बायकांना, आपल्याला पूर्ण तिकीट.

तारखा मात्र जपून निवडा. आम्ही भाऊबीज करून सोमवारी निघालो, शाळेला सुट्टी होती आणि गर्दी ओसरली होती. होस्पेटच्या लॉजवाल्यानं फोनवर सांगितलं, शनिवारी हीच खोली 2,000, आत्ता 1,200. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि हंपी उत्सवाचे दिवस टाळा, आणि एप्रिल-मेमध्ये तर जाऊच नका, आपल्याकडच्यासारखंच ऊन आणि तिथं सगळे दगड तापलेले. राहायला हंपी गावापेक्षा होस्पेट स्टेशनजवळ बघा, 13 किलोमीटरवर हंपी, बस सारख्या असतात.

जेवणाचं तर आपल्याला सोपं आहे. निघायच्या आधी तीस कडक भाकरी घेतल्या, सुती कपड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात उभ्या लावल्या, आडव्या ठेवल्या की खालच्या मोडतात. शेंगाचटणी उखळात कुटलेली, तेल न घालता कोरडी भरली म्हणजे गळत नाही, खाताना वरून तेल किंवा दही घ्यायचं. पहिल्या दिवसापुरते धपाटे. दही तिथंच मिळतं. बदामीजवळ बनशंकरीला, सोलापुरातल्या कितीतरी घरांची कुलदेवता ती, देवळाबाहेर आज्या टोपली घेऊन बसतात, ज्वारीची भाकरी, चटणी, दही, आपल्यासारखंच जेवण, आणि अगदी स्वस्त. माझ्या पोरीनं तिथली भाकरी खाल्ली आणि म्हणाली, आई, ही तर आपलीच.

शेजारच्या काकूंकडून चार कन्नड शब्द शिकून गेले होते, "एष्टु री?" म्हणजे किती, "जास्ती आयतु" म्हणजे जास्त झालं, "बेडा" म्हणजे नको. रिक्षावाल्याशी हसत हसत एवढं बोललं तरी भाव खाली येतो, खरंच. बदामीहून पट्टदकल-ऐहोळे या जुन्या देवळांच्या गावांना दिवसभराची रिक्षा आम्ही 1,800 ला केली, हंपीत एक दिवस 1,500. दुसऱ्या दिवशी विरुपाक्ष मंदिराकडून तुंगभद्रेच्या काठानं चालत विठ्ठल मंदिरापर्यंत गेलो, दोनेक किलोमीटर, एक पैसा नाही आणि सगळ्यात छान तेच वाटलं. तिथला दगडी रथ 50 च्या नोटेवर आहे, पोरीनं नोट समोर धरून एक डोळा मिटून दोन्ही जुळवून बघितले, दहा मिनिटं हलायला तयार नव्हती. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी 15 वर्षांच्या आतल्या पोरांना तिकीट नाही, मोठ्यांना हंपी-पट्टदकलला 40. विठ्ठल मंदिराचं तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी कमलमहालाला तेच चालतं.

हिशोब असा झाला: गाड्या 2,100, चार रात्रींच्या खोल्या 4,800, रिक्षा 3,300, जेवण-चहा 2,500, तिकिटं 300, आणि पाणी, नारळ, पोरांची खेळणी मिळून 1,000. आणि हो, एक सोलापुरी चादर बरोबर घ्या, जड वाटते पण स्लीपरमध्ये पहाटे खिडकीचा गार वारा येतो तेव्हा आणि लॉजच्या गादीवर अंथरायला तीच कामी येते.

आरडीतले उरलेले 400 आणि व्याज मी नवीन आरडीच्या पहिल्या हप्त्यात टाकले, यावेळी वाडीकडची लाइन, हैदराबाद. गोवळकोंड्याला जायचं पोरीनं आत्ताच ठरवून ठेवलंय.