जुन्या गाडीचं फोर बाय फोर लागत नाही? ट्रान्सफर केस खोलायच्या आधी पुढची चाकं उचलून बघा

गाडी चिखलात रुतलीये, लिव्हर फोर हायला (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाची) टाकलाय, डॅशवरचा दिवा पण लागलाय आणि तरी मागचीच चाकं माती उडवतायत. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतो की ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) गेली, आता सगळं खाली उतरवायला लागणार. प्लीज लगेच ऐकू नका. जुन्या गाड्यांमध्ये दोष बऱ्याचदा पार चाकाच्या टोकाला असतो, हबमध्ये (चाकाला शाफ्टशी जोडणारा किंवा सोडणारा भाग) नाहीतर एखाद्या तडकलेल्या व्हॅक्युम पाईपात, आणि ते शोधायला जॅक, दोन स्टँड आणि हाताखाली एक माणूस एवढं पुरतं.

आधी खरंच बिघाड आहे का ते ठरवा. साध्या डिफवाल्या (डिफ म्हणजे डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा संच) गाडीत फोरमध्ये असताना एक पुढचं आणि एक मागचं चाक जागेवर गरगर फिरतंय आणि बाकी दोन गप्प उभी आहेत, तर फोर बाय फोर चालू आहे, कारण ज्या बाजूला पकड नाही तिकडेच डिफ फिरणं पाठवतो. पुढचं एकही चाक हलत नसेल तर मात्र पुढे वाचा. आणि दिव्यावर विसंबू नका, बऱ्याच गाड्यांमध्ये तो ट्रान्सफर केसवरच्या एका छोट्या स्विचमुळे लागतो, म्हणजे आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) सरकला एवढंच तो सांगतो, चाकापर्यंत ताकद पोचली की नाही हे त्याला माहीतच नसतं. उलटंही होतं, सगळं नीट लागलेलं असतं पण स्विच मेलेला म्हणून दिवा नाही.

आता मुख्य टेस्ट. सपाट कडक जमीन, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, मागच्या दोन्ही चाकांना पुढून मागून ठोकळे, पुढची दोन्ही चाकं वर आणि गाडी स्टँडवर (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, कृपा करून). मॅन्युअल हब असतील तर दोन्ही हाताने लॉक करा. ऑटो हब असतील तर आधी फोर हायमध्ये थोडं सरळ पुढे चालवून थांबा आणि रिव्हर्स न घेता गाडी उचला, रिव्हर्स घेतला की ते सुटतात. लिव्हर फोर हायला टाकताना अडला तर एकाने चाक थोडं हलवायचं, दात जुळले की बसतो.

आता फोर हायमध्ये उजवं चाक हाताने फिरवा. डावं उलट्या दिशेने फिरलं आणि प्रॉप शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून पुढच्या डिफपर्यंतचा लांब दांडा) जागचा हलला नाही तर पुढचे हब, शाफ्ट आणि डिफ ठीक आहेत. मग डावं चाक कोणालातरी घट्ट धरायला सांगा आणि उजवं परत फिरवा. थोडी ढिलाई सोडली तर ते अडलं पाहिजे. अडलं नाही तर खाली बघा काय काय फिरतंय. चाकाबरोबर पुढचा प्रॉप शाफ्ट पण फिरतोय तर ट्रान्सफर केस गुंतलेली नाही. प्रॉप शाफ्ट थांबलेला आणि उजवा ड्राइव्ह शाफ्टही (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) थांबलेला, फक्त चाकच फिरतंय, तर उजवा हब लागलेला नाही किंवा त्या बाजूचा सीव्ही किंवा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) तुटलाय. प्रॉप थांबलेला पण उजवा शाफ्ट फिरतोय तर दोष डाव्या बाजूला, क्वचित डिफच्या आत. ही टेस्ट मला फार आवडते कारण एक बोल्ट न सोडता कळतं की ताकद नेमकी कुठे तुटतेय.

आणि हे नीट लक्षात घ्या, दोनपैकी एकच हब सुटलेला असला तरी पुढचा अख्खा अ‍ॅक्सल मेल्यासारखा होतो. डिफ सगळं फिरणं त्या मोकळ्या शाफ्टला देऊन टाकतो आणि चांगल्या बाजूला काहीच उरत नाही. म्हणून एक हब चांगला आहे हे बघून दुसरा तपासायचा सोडू नका.

हब खोललात तर बहुतेक वेळा आत काय सापडतं? वाळून घट्ट झालेलं ग्रीस. बेअरिंगचं जाड ग्रीस हबमध्ये ठासून भरायची सवय खूप जणांना असते, पण त्याने आतली सरकती रिंग चिकटते आणि डायल लॉकवर फिरला तरी रिंग अर्धीच जाते, मग जोर लावला की कर्रर्र आवाज. रॉकेल किंवा डिझेलने धुवा, सुकवा, ग्रीसचा पातळ हात फिरवा, आणि रिंग बोटाने ढकलून स्प्रिंगच्या जोरावर खट्कन परत येते का बघा.

व्हॅक्युमवर (हवेच्या ओढीवर) चालणारे हब किंवा अ‍ॅक्सल असेल तर पाईपच आधी तपासा. रबर म्हातारं झालं की कोपऱ्यावर, नाहीतर नळीवर चढवलेल्या टोकाला चिरतं, वरून दिसत पण नाही, वाकवलं की दिसतं. हातपंप लावून व्हॅक्युम ओढा आणि काटा थांबतो का बघा, हळूहळू पडत असेल तर डायफ्राम (व्हॅक्युमने हलणारा रबरी पडदा) किंवा सील गळतंय. ब्रेक पेडलसुद्धा कडक लागायला लागलं असेल तर गळती मोठी आहे, किंवा डिझेल गाडीत व्हॅक्युम पंपच थकलाय. तसं असेल तर फोर बाय फोर बाजूला ठेवा आणि आधी ब्रेकचं बघा.

बटणावर लागणाऱ्या गाडीत फ्यूज, अर्थिंग, मग मोटर. बटण दाबल्यावर खालून आवाजच नाही तर कनेक्टरवर करंट येतोय का मोजा. करंट येतोय पण मोटर गप्प, तर मोटर काढा आणि आतला शाफ्ट पान्याने फिरवून बघा, हाताने फोर लागलं तर केस ठणठणीत आहे. लिव्हरवाल्या गाडीत खालचे बुश झिजतात, लिव्हर पूर्ण जातो पण केसवरचा आर्म अर्धाच जातो, एकाने लिव्हर हलवायचा आणि दुसऱ्याने खालून बघायचं, झालं.

फोर लागलं आणि आता निघत नाही, ही तक्रार वेगळी. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि पार्ट टाइम सिस्टीममध्ये (गरजेपुरतंच फोर लावायच्या गाडीत) पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफ नसतो, त्यामुळे कडक रस्त्यावर सगळी लाईन पिळली जाते आणि लिव्हर अडकतो. सरळ रेषेत थोडं मागे घ्या, बहुतेक वेळा सुटतं. पुढचे मागचे टायर वेगळ्या साईजचे किंवा वेगवेगळे झिजलेले असतील तर हे परत परत होणार.

इतकं सगळं नीट निघालं आणि चाकाच्या टेस्टमध्ये प्रॉप शाफ्ट मोकळाच फिरत होता, तरच ट्रान्सफर केसकडे वळा. खालचा ड्रेन प्लग सोडायच्या आधी वरचा भरायचा प्लग सुटतोय ना बघा, नाहीतर रिकामी केस घेऊन बसाल. ऑईल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, बऱ्याचदा ब्रीदरमधून (केसला हवा घेऊ-सोडू देणारी नळी). ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर बारीक राखाडी चिखल चालतो, पण हाताला लागणारे तुकडे नाहीत. केस ओसंडून भरलेली आणि गिअरबॉक्स कमी, तर दोघांमधलं सील गेलंय. चेनवाल्या केसमध्ये जोर दिल्यावर ठराविक अंतराने कडाक कडाक असा धक्का बसला तर चेन ताणली जाऊन दात सोडतेय, तशी चालवू नका. आणि उतारावर फोर लोमधून (चारही चाकं, पण कमी वेग आणि जास्त जोर) लिव्हर आपोआप सुटत असेल तर आधी इंजिन आणि केसचे माउंट बघा, ते घट्ट असतील तरच फोर्क आणि डिटेंट स्प्रिंगसाठी (फोर्कला जागेवर धरणारी स्प्रिंग) केस खोला.