नोकरी न सोडता ऑफिसात हळूहळू बाई म्हणून वावरायचं तर

कोल्हापुरातल्या आपल्या ट्रान्स पोरींसाठी लिहितेय, म्हणजे जिची नोकरी शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावात आहे, ऑफिसात अजून सगळे सर म्हणतात, आणि सगळं सोडून पुण्या-मुंबईला जायची इच्छा पण नाही आणि ऐपत पण नाही. माझं म्हणणं एकच, एका सोमवारी एकदम साडी नेसून जायची गरज नाही, एकेक गोष्ट बदलायची, लोकांच्या नजरेला तिची सवय झाली की मगच पुढची. यात लपवाछपवी काही नाही, पगार चालू राहतो आणि आपण आपल्यासारखं जगायला लागतो.

केस सगळ्यात आधी वाढवायला घ्या, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात म्हणजे खांद्याच्या खाली यायला दोन वर्षं धराच. भुवया थोड्या साफ, नखं नीट, आणि कान टोचायला तर आपल्याकडं कुणी काही म्हणत नाही, भिकबाळीवाले बाप्ये गल्लोगल्ली आहेत.

दाढीचं मात्र नीट ऐका. लेसर काळ्या केसांवर चालतं, पांढऱ्यावर नाही, आणि ४ ते ६ आठवड्यांच्या अंतरानं बरीच सिटिंग लागतात, मधल्या काळात वॅक्स-थ्रेडिंग बंद, कारण मूळच उपटलं तर लेसर पकडणार काय, रेझर मात्र चालतो. तोवर जी निळसर सावली दिसते तिच्यावर नुसतं फाउंडेशन लावलं की तोंड राखाडी दिसतं, म्हणून आधी नारिंगी करेक्टर बोटानं थापायचं, घासायचं नाही, मग पातळ फाउंडेशन, मग पावडर, आणि हे सगळं ऑफिसात पोचल्यावर करा, एप्रिलमध्ये केएमटीच्या सिटी बसमध्ये उभं राहून घामानं सगळं उतरतं.

कपड्यात आधी लेडीज कटचा सुती शर्ट, मग आखूड कुर्ता. नवरात्रात नऊ रंगांच्या नादानं सगळं ऑफिस नटून येतं, पहिली कुर्ती घालायला त्याच्याएवढे बरे दिवस नाहीत. शॉप फ्लोअरवर काम असेल तर ओढणी, लोंबते कानातले, मोकळे केस अजिबात नको, लेथजवळ ते जिवावर बेततं.

आता बोलणं, मला विचाराल तर सगळ्यात अवघड हेच, कारण मराठीत तोंड उघडलं की आलो का आले हे ठरवावं लागतं. पण वाटा आहेत, 'मी जेवलो' ऐवजी 'माझं जेवण झालं', 'मी करतो' ऐवजी 'करीन' नाहीतर 'होऊन जाईल', 'मला जायचंय', असं काही महिने बोला, कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि आपल्या कोल्हापुरात बायकाच 'आलो, गेलो' म्हणतात, त्यामुळं चुकून जुनं तोंडातनं निघालं तरी मनाला लावून घेऊ नका. भावा म्हणणाऱ्यालाही दुरुस्त करत बसू नका, इथं भावा सगळ्यांनाच म्हणतात, सरचं मॅडम करून घ्या ते महत्त्वाचं.

माणसांचं काय, तर आपल्या भागात बाईच्या वेशातला माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं यल्लम्माचा जोगता येतो, समोरच्या टेबलावर जीएसटी भरणारी ट्रान्स बाई त्यांनी बघितलेलीच नसते, म्हणून सगळ्यांना एकदम सांगू नका. ज्याच्या शब्दाला वजन आहे असा एक सीनियर आणि चहाच्या मावशी, आधी या दोघांना. शाहू महाराज अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे ते उगाच नाही, मोठा माणूस उघडपणे शेजारी बसला की बाकीच्यांची कुजबुज कमी होते. त्या सीनियरला सांगा की डबा माझ्यासोबत खात जा. टॉयलेटचं आधीच बोलून ठेवा, आतून कडी लागणारं एकट्याचं टॉयलेट मिळालं तर निम्मी कटकट संपते.

मालक किंवा एचआरकडं जाताना कायदा माहीत पाहिजे. ट्रान्सजेंडर हक्कांवरच्या २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कपडे, बोलणं, वागणं यातनं आपली लिंगओळख दाखवणं हे घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा नोकरीत, बढतीत भेदभाव करायला बंदी घालतो आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला लावतो. वाद घालू नका, शांतपणे लेखी द्या, मेल पाठवा, कॉपी घरच्या आयडीवर ठेवा, आणि त्याआधी दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या.

पगारपत्रकावरचं नाव शेवटी. गॅझेटमध्ये नाव बदललं की आधार, मग पॅन, मग बँक आणि पीएफ, कारण पीएफचं नाव आधारशी जुळलं नाही तर क्लेम अडकतो. तोवर मेलखाली नुसतं आद्याक्षर आणि आडनाव लिहा, ऑफिसात तसंही सगळे पाटील, शिंदे असंच हाक मारतात.