व्यायाम करताना मूड जातो? आधी स्पीड कमी करून बघा

दिवाळी झाली, थोडी थंडी पडली की आमच्या जळगावात मेहरूण तलावावर पहाटे नुसती गर्दी, नवे शूज, नवे ट्रॅकपॅन्ट, आणि संक्रांतीचे तिळगूळ संपेपर्यंत त्यातले अर्धे गायब. मी पण तीन हिवाळे असाच गायब झालेलो आहे त्यामुळे कोणाला हसत नाहीये. मला वाटायचं आपण आळशी. पण आळस नव्हता भो, चूक अशी होती की पहिल्याच दिवशी मी पोलीस भरतीच्या पोरांच्या मागे पळायचो. त्यांना १६०० मीटर मारायचे असतात, वय वीस-बावीस, आणि मी चाळिशीचा, रात्री शेवभाजी हाणून आलेला. दुसऱ्या राऊंडला जीव नकोसा व्हायचा, चौथ्या दिवशी अलार्म बंद.

यामागचं कारण अगदी साधं आहे. हळू किंवा मध्यम व्यायामात बहुतेकांना बरं वाटतं. पण प्रत्येकाची एक रेषा असते, ती ओलांडली की श्वास एकदम वाढतो, स्नायूंत लॅक्टेट नावाचा पदार्थ साचायला लागतो, आणि मग मन कितीही म्हणालं की चल चल, शरीर सांगतं थांब. रेषेच्या वर जवळपास सगळ्यांचाच मूड खाली जातो, रोज पळणाऱ्याचासुद्धा. फरक एवढाच की त्याची रेषा वर असते आणि आपली खाली, कधी कधी इतकी खाली की बसून काम करणाऱ्या माणसाची नुसत्या भरभर चालण्याने किंवा धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्याच्या चढावर सुद्धा ती ओलांडली जाते.

तर पहिलं काम, आपली रेषा शोधा. यंत्र वगैरे काही लागत नाही, सोबत एक बडबड्या मित्र लागतो. पाच-सात मिनिटं आरामात चाला, मग दर दोन-तीन मिनिटांनी स्पीड थोडा वाढवा आणि त्याला भरीत कसं करतात ते सांगत राहा, वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, मग बडगीत म्हणजे लाकडी उखळात ठेचायची असं सविस्तर. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो तुमचा मध्यम स्पीड. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की समजा रेषा गेली, स्पीड खाली घ्या. घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर फार जाऊ नका, जास्तीत जास्त ठोके काढायचा २२० वजा वय हा हिशोब दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतो, आणि बीपीच्या काही गोळ्यांनी तर ठोके मुळातच कमी राहतात.

दुसरं, आणि मला सगळ्यात जास्त कामी आलेलं, म्हणजे चालू असतानाच मूडला नंबर द्यायचा. −५ म्हणजे लय बेकार, ० म्हणजे ना बरं ना वाईट, +५ म्हणजे एकदम भारी. ही पट्टी व्यायामाचा अभ्यास करणारे लोक १९८९ पासून वापरतात. दर पाच मिनिटांनी स्वतःला विचारा, किती? शून्याच्या खाली गेलं की स्पीड कमी, लाजायचं नाही. फक्त संपल्यावर विचारू नका, कारण जोरात पळून थांबलं की कोणालाही बरंच वाटतं, ती सुटकेची मजा असते. मी तीन हिवाळे त्यालाच फसलो, घरी जाऊन सांगायचो मस्त वाटलं, आणि सकाळी उठायची वेळ आली की अंगाला आठवायचं ते तो दुसरा राऊंडच.

तिसरं, क्रम उलटा करा. आपण हळू सुरू करतो आणि शेवटी जीव तोडून फिनिश मारतो, जिमवाले पण तेच करायला लावतात. २०१६ मध्ये एक प्रयोग झाला होता, लोकांना १५ मिनिटं सायकल मारायला लावली, काहींना चढत्या जोरात आणि काहींना उतरत्या. उतरत्या जोरवाल्यांना तो व्यायाम जास्त आवडला आणि नंतरही तो चांगला म्हणून लक्षात राहिला. म्हणून वॉर्मअप नीट करा, जे काय जोराचं असेल ते लवकर उरका, शेवटची दहा मिनिटं गप्पा मारत चाला.

आता कोणी म्हणेल मला घाम गळेपर्यंत केल्याशिवाय मजाच येत नाही. असतात अशी माणसं, त्यांनी खुशाल करावं. पण सलग नको, एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटं चालणं असं आठवड्यातून दोनदा. बाकी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. गाणी लावायची तर मध्यम स्पीडला लावा, फार जोरात असताना सगळं लक्ष श्वासावरच जातं, गाण्याचा उपयोग कमी होतो.

छातीत दुखणं, चक्कर, शुगर-बीपी असलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग तलाव.

आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, पहाटे पण हवा गरम. शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात, म्हणून जानेवारीत सोपा वाटलेला स्पीड मे मध्ये रेषेच्या वर जातो. जानेवारीचा टाइम गाठायच्या नादात मूड घालवू नका, नंबर बघा. माझा सोमवारी +२ होता, आज उकाड्याने दुसऱ्या राऊंडला शून्यावर आला तर मी तिथूनच वळलो आणि रसवंतीवर जाऊन बसलो, भरतीची पोरं बाजूने पळताना ओरडली, काय काका, थकी गया का.