एफआय गाडी बिघडली? या चुका टाळा

धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० ला लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवरून पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर गेला, एफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शन आलं. सवय मात्र गेली नाही. गाडी आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, टिकेना की हवा आत सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीचा सील केलेला स्क्रू फिरवायचा! तो फिरवू नका. एफआयमध्ये मिश्रण ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतो. थ्रॉटल किती उघडलाय, आतल्या हवेचा दाब आणि तापमान किती, हे सेन्सर सांगतात. त्यावरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा याचा हिशेब होतो. वजनाने १४.७ भाग हवा, १ भाग पेट्रोल. जमलं का, ते धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर कळवतो.

तो सेन्सर काय सांगतोय हे न बघता पार्ट बदलणं, ही चूक बघून मला खरंच वाईट वाटतं. गेल्या पावसाळ्यात खानापूरचे एक काका आले. रोज बेळगावला ये-जा. काळा धूर, साठाचं मायलेज पंचेचाळीसवर. "इंजेक्टर नवा घातला की ओ मेस्त्री, ऑक्सिजन सेन्सर पण बदलला, तरी तसंच." प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. मग धूर बाहेर नेणारा बेंड पाईप इंजिनच्या हेडला बसतो तिथं बॅटरी मारली. जोडावर बोटभर काजळीचा पट्टा. गाडी थंड होती. चालू करून सायलेन्सरचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबलं, तर वर फस्स फस्स. पॅकिंग जळालेली. धुराच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जात होती. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसायचा, ईसीयूला वाटायचं पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो वाढवत जायचा. नवा सेन्सरही तेच सांगणार, कारण जुना खोटं बोलतच नव्हता. शंभराच्या आतली पॅकिंग बदलली, धूर गेला. आधीच्या मेस्त्रीने पाच मिनिटं वाकून बघितलं असतं तर काकांचे हजारो रुपये वाचले असते.

म्हणून मी आधी पाईपचे जोड, मग कपलर म्हणजे वायरींचे प्लग, मग मीटरवरच्या इंजिनच्या दिव्याचा कोड बघतो. पार्ट शेवटी.

वॉशिंगचा फवारा कपलरवर मारू नका. आमच्याकडच्या पावसात हिरवा गंज तसाही लवकर धरतो.

चावी चालू असताना कपलर उपसू नका.

टाकी सतत रिझर्व्हवर ठेवू नका. आतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो.

फिल्टर काढून "पिकअप" वाढवायला येणाऱ्या पोरांना मी परत पाठवतो. धूळ थेट सिलिंडरात जाते.

आणि सकाळी चावी फिरवली की पंपाचा 'झूं' थांबू द्या. दोन-तीन सेकंद लागतात. मग थ्रॉटल न पिळता बटण दाबा.