फायबरच्या होडीवरचे गंजाचे डाग: या चुका टाळा

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या की एरवी नजरेआड होणारे डाग दिसू लागतात. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नांगराच्या साखळीचे ओघळ, कड्यांखाली तांबडी रेघ, पिछाडीला इंजिनाच्या बोल्टांभोवती वर्तुळं. फायबर स्वतः गंजत नाही. तेव्हा डागापाशी किंवा त्याच्या वर कुठेतरी लोखंड आहे हे नक्की. ते न शोधता डाग घासत बसणं ही पहिली चूक.

‘आमचे बोल्ट स्टेनलेसचे आहेत’ हे उत्तर पुरेसं नाही. वॉशरखाली खारं पाणी साचून राहतं, तिथे हवा पोचत नाही, आणि ऑक्सिजनशिवाय स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकत नाही. शिवाय स्टेनलेसमध्येही प्रकार आहेत. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू असल्याने ते समुद्रात ३०४ पेक्षा बरंच जास्त टिकतं. दुकानदार लोहचुंबक लावून खात्री पटवतो, पण त्या चाचणीत हे दोन्ही प्रकार सारखेच ठरतात. बोल्ट काढा, भोक साफ करून वाळवा, सीलंट भरून ३१६ चा बोल्ट बसवा.

तारेचा ब्रश आणि स्टीलची घासणी होडीपासून लांबच ठेवा. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यावर चरे पडतात आणि चऱ्यांत अडकलेले लोखंडाचे कण नव्याने गंजतात. शेजारच्या होडीवर ग्राइंडर चालत असेल तर तुमच्या होडीवर ताडपत्री टाका. उडालेल्या ठिणग्यांचे पुढे तांबडे ठिपके होतात.

ब्लीचने गंज जात नाही, उलट स्टेनलेस खराब होतं. संडास धुण्याचं ॲसिडही नको. आणि ही दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खरं काम करतं ते ऑक्झॅलिक ॲसिड. ते गंजातल्या लोहाला पकडून पाण्यात विरघळवतं. प्लास्टिकच्या बादलीत १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅमच्या आसपास पावडर घाला. पावडर विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि चष्मा घाला, तोंडावर मास्क लावा. उभ्या बाजूवरून द्रावण ओघळून जातं. तिथे भिजवलेलं सुती फडकं चिकटवून वर प्लास्टिक लावा आणि १०-१५ मिनिटं थांबा. काम सावलीत करा, द्रावण वाळू देऊ नका. गॅल्व्हनाइज्ड साखळीला ते लागू देऊ नका, जस्त खातं.

धुवायला समुद्राचं पाणी वापरू नका, ही चूक किनाऱ्यावर हमखास होते. त्या पाण्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलिकशी संयोग पावून पांढरी साय धरतं आणि ती काढणं डागापेक्षा कटकटीचं. जड विहिरीच्या पाण्यानेही तेच होतं, म्हणून शक्यतो पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. ॲसिडने मेणही निघून जातं. होडी वाळल्यावर वॅक्स लावा.

खाडीतल्या होडीच्या पाणरेषेवरचा पिवळट-तपकिरी पट्टा बहुतेकदा गंजाचा नसतो, कुजक्या पाल्याच्या रंगाचा असतो. तोही याच द्रावणाने निघतो.

मात्र भेगेतून तपकिरी पाणी झिरपत असेल तर ॲसिडला हात लावू नका. पिछाडीत फायबरच्या आत बहुधा लाकूड असतं, ते कुजत असेल. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. आवाज बद्द आला तर इंजिन उतरवा आणि फायबरच्या कारागिराला बोलवा.