सुटलेले नख आणि त्यातली बुरशी: घरी काय करावे, कशाच्या वाटेला जाऊ नये

हाताच्या बोटाचे नख टोकाकडून पांढरे पडू लागले आणि कणीक मळताना त्याखालच्या पोकळीत पीठ जाऊन बसू लागले की बहुतेक घरांत एकच निदान होते, ते म्हणजे बुरशी. माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेचे नख असे सुटले तेव्हा मीही तेच ठरवून टाकले आणि पेठेतल्या एका औषधाच्या दुकानातून, नुसते बोट दाखवून, मलमाची ट्यूब घेऊन आलो. बाजूच्या त्वचेची खाज दोन दिवसांत थांबली, नख मात्र आणखी सुटत गेले. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचून दाखवली, तेव्हा कळले की बुरशीच्या औषधासोबत त्यात क्लोबेटासोल नावाचे जोरकस स्टेरॉईड होते. अशा मिश्रणाने लाली आणि खाज दबते, पण बुरशी असलीच तर तिला पसरायला मोकळे रान मिळते. त्यामुळे घरगुती उपायांच्या यादीतून ही ट्यूब सर्वांत आधी वजा करावी.

बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांमध्ये बुरशी सापडते, म्हणून आधी नख उजेडात नीट पाहावे. बुरशी असेल तर नख सहसा पिवळट किंवा तपकिरी होते, जाड होते, कडेने भुसभुशीत होऊन तुटते आणि त्याखाली भुशासारखा चुरा साठतो. नख गुळगुळीत आणि पातळच आहे, फक्त टोकापासून पांढरे होऊन उचलले गेले आहे, असे दिसले तर कारण बहुधा पाण्यात, साबणात आणि मारात असते. लांब वाढवलेले नख डबा उघडताना तरफेसारखे उचलले जाते, जेल नेलपॉलिश खरवडून काढताना ओढले जाते आणि एकदा फट पडली की ओल तिथेच मुक्काम करते. नखावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे किंवा तेल सांडल्यासारखे डाग असतील तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. अनेक नखे एकदम सुटू लागली तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. डॉक्सीसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाच्या गोळ्या चालू असताना कडक ऊन लागल्यानेही नखे सुटतात.

याच वेळी पायही पाहावेत, कारण हाताच्या नखाची बुरशी पुष्कळदा पायांवरूनच आलेली असते. दोन्ही पायांना आणि एकाच हाताला बुरशी असणे हे त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचे चित्र आहे, कारण ज्या हाताने आपण पाय खाजवतो त्याच हाताला ती लागते. पावसाळ्यात ओले बूट घालून ऑफिस गाठणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतील, तर त्या बऱ्या केल्याशिवाय हाताच्या नखावर केलेली मेहनत फुकट जाते.

आता प्रत्यक्ष उपायाकडे वळू. सुटलेले नख खालच्या त्वचेला पुन्हा चिकटत नाही. मुळापासून नवे नख चिकटून वाढत यावे लागते आणि तोवर फट कोरडी ठेवणे एवढेच आपल्या हातात असते. म्हणून नखाचा सुटलेला भाग दुखणार नाही इतका, पण जितका जमेल तितका मागेपर्यंत कापून टाकावा. ओले नख मऊ होऊन वेडेवाकडे फाटते, म्हणून आंघोळीनंतर लगेच न कापता नख पूर्ण वाळल्यावर कापावे. त्या बोटासाठी नेलकटर वेगळा ठेवावा आणि तो प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसावा. पिन, टाचणी किंवा काडी घालून आतला मळ कोरण्याचा मोह बहुतेकांना आवरत नाही, पण प्रत्येक कोरणीबरोबर फट थोडी मागे सरकते. मळ दिसतो, ही तक्रार खरी आहे. मात्र मऊ ब्रशने वरवर धुण्यापलीकडे तिच्यासाठी काही करू नये. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडीही ढकलू किंवा कापू नये, कारण ओल आणि जंतू आत जाऊ न देण्याचे काम तीच करते. मूळ सुजून दुखू लागले, म्हणजे ज्याला आपण नखुर्डे म्हणतो ते झाले, की बहुधा हीच कातडी सुटलेली असते.

भांडी, धुणे आणि फरशी पुसणे ही कामे रबरी हातमोजे घालून करावीत, मात्र आत सुती मोजे असावेत. नुसत्या रबरात हाताला घाम येतो आणि ज्या ओलीपासून पळायचे तीच आत साठते. लिंबू पिळताना, टोमॅटो चिरताना आणि कणीक मळतानाही त्या बोटाला आडोसा द्यावा. हात धुतल्यावर बोट नुसते टिपून भागत नाही. केस वाळवण्याचा ड्रायर थंड हवेवर ठेवून अर्धा मिनिट फटीत हवा सोडावी. जून ते सप्टेंबर पुण्यातल्या घरांत टॉवेलसुद्धा धड वाळत नाहीत, तेव्हा हा अर्धा मिनिट कोणत्याही तेलापेक्षा उपयोगी पडतो.

तेलांविषयी सांगायचे तर टी ट्री तेलामागे थोडाफार आधार आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पायाच्या नखांवर ते दिवसातून दोनदा 6 महिने लावले गेले आणि त्याचा परिणाम क्लोट्रिमाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या द्रावणाइतकाच आढळला. अर्थात पूर्ण बरे झालेले लोक दोन्हीकडे थोडेच होते. ते लावायचे असेल तर आधी एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूस लावून दोन दिवस पाहावे. फटीत हिरवट रंग दिसू लागला तर ती बहुधा बुरशी नसून स्यूडोमोनास या जीवाणूची करामत असते. तिथे स्वयंपाकाचे पांढरे व्हिनेगर उपयोगी पडते: एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, रोज दहा मिनिटे बोट बुडवावे आणि नंतर पूर्ण वाळवावे. जखम किंवा आग होत असेल तर हे टाळावे. खोबरेल तेल भोवतालच्या कोरड्या त्वचेला चांगले असले तरी ते बुरशीचे औषध नव्हे. हळदीने नख इतके पिवळे होते की खालचे काही कळेनासे होते. ठेचलेला लसूण बांधून ठेवल्याने त्वचा खरोखर भाजते, तेव्हा आजीने सांगितले असले तरी ते करू नये.

हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, म्हणजे पूर्ण नवे नख यायला जवळजवळ सहा महिने लागतात. दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच खिडकीशी, बोटाचा फोटो काढावा. चिकटलेला गुलाबी भाग पुढे सरकताना दिसला तर आपण योग्य मार्गावर आहोत. दोन-तीन महिन्यांत तो हलला नाही किंवा मागे गेला, तर घरचे प्रयोग थांबवावेत. मधुमेह असेल, बोट सुजून ठणकत असेल किंवा पू येत असेल तर तितकीही वाट पाहू नये. नखावर काळी-तपकिरी उभी रेघ नव्याने उमटली असेल किंवा एकच नख वर्षानुवर्षे बरे होत नसेल, तर डॉक्टरांकडे जावेच, कारण क्वचित त्यामागे कर्करोगही असतो.

ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा खासगी तज्ज्ञांकडे गेल्यावर नखाच्या चुऱ्याची केओएच चाचणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणे) आणि कल्चर (बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ती कोणती हे ओळखणे) करून घेण्याचा आग्रह धरावा. टर्बिनाफिनच्या गोळ्या नायटा-गजकर्णाच्या जातीच्या बुरशीवर चांगल्या चालतात, पण सतत पाण्यात हात असणाऱ्यांना होणाऱ्या कॅन्डिडावर त्यांचा प्रभाव कमी पडतो, त्यामुळे बुरशी कोणती हे कळल्याशिवाय गोळ्या सुरू करण्यात फारसा अर्थ नसतो. हाताच्या नखांसाठी त्या सहसा सहा आठवडे दिल्या जातात आणि यकृताची तपासणी आधी होते, म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर त्या आणू नयेत. चाचणीला जाताना नेलपॉलिश आणि मेंदी लावू नये, नख आदल्या दिवशी कापू नये आणि लावायची औषधे किती दिवस आधी बंद करायची ते वेळ घेतानाच विचारावे. कल्चरचा अहवाल यायला तीन-चार आठवडे लागू शकतात. तोवर हातमोजे आणि ड्रायर चालूच ठेवावेत.